स्मार्ट वीजजाळ्यासाठी आयोगाकडे सूचना पाठवताय? आधी हे टप्पे नीट पाहा

वीजदराची जाहीर नोटीस पेपरात आली की सांगली-साताऱ्यात एकच धावपळ उडते. कुणीतरी मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि बाकीचे खाली आपलं नाव घालून तोच पुढे पाठवतात: 'दरवाढ रद्द करा, स्मार्ट मीटर नको.' आदेश आला की अशा सगळ्या सूचनांची एका परिच्छेदात बोळवण झालेली दिसते. लोकांचा राग खोटा नसतो. पण महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग खर्च मंजूर करू शकतो, नाकारू शकतो किंवा त्याला अट घालू शकतो. आपण त्याच्याकडे यातलं काहीच मागितलेलं नसतं.

भिंतीवरचा मीटर बदलला म्हणून वितरण जाळं स्मार्ट होत नाही. बिघाड कुठे झालाय हे लाइनवर न चालता कळलं, गळती नेमक्या डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या रोहित्रावर दिसली आणि दुपारची स्वस्त सौरवीज दुपारीच वापरली गेली, तर जाळं स्मार्ट म्हणायचं. वितरण कंपनीला मिळणारा पैसा अशा निकालांना बांधून घालणं हे आयोगाचं काम. तसं करा, असं त्याला नेमक्या शब्दांत सांगणं आपलं. खालचे टप्पे त्यासाठी आहेत. क्रम बदलू नका, बहुतेक सूचना क्रम चुकल्यामुळेच वाया जातात.

## टप्पा १: कोणत्या दारात उभे आहात ते ठरवा

दारं तीन आहेत.

बिल अव्वाच्या सव्वा आलं, मीटर पळतोय, नवं कनेक्शन रखडलंय, ही वैयक्तिक तक्रार झाली. ती आधी कंपनीकडे, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपालाकडे न्यायची. वीज कायदा २००३ च्या कलम ४२ मध्ये ही उतरंड आहे. महावितरणच्या रचनेत सांगली जिल्हा कोल्हापूर परिमंडळात येतो आणि सातारा बारामती परिमंडळात, म्हणून शेजारी असूनही दोघांचा मंच वेगळा. साताऱ्याची मंडळी बऱ्याचदा कोल्हापूरला अर्ज धाडतात आणि वेळ घालवतात.

दुसरं दार दर याचिकेचं. कंपनी काही वर्षांचा खर्च आणि दर मांडते आणि कलम ६४ नुसार लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला आदेश काढावा लागतो. मीटर, फीडर ऑटोमेशन (फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघणारी मुख्य वीजवाहिनी, ती दुरून हाताळण्याची सोय), वेळेनुसार दर यांवरचा पैसा इथे ठरतो.

तिसरं दार विनियमांच्या मसुद्याचं. पुढची पाच वर्षं खर्च कसा मोजायचा, पुरवठ्याचा दर्जा काय, भरपाई किती, हे इथे ठरतं. या दाराकडे आपल्याकडचं फारसं कुणी फिरकत नाही. माझ्या मते श्रमाचं चीज सगळ्यात जास्त इथेच होतं, कारण याचिका येते तोवर चौकट पक्की झालेली असते.

तपासणी: लिहिलेल्या मुद्द्यातून स्वतःचा ग्राहक क्रमांक खोडून बघा. मुद्दा तरीही उभा राहत असेल तर तो आयोगाकडे पाठवा. नसेल तर मंचाकडे.

## टप्पा २: याचिका शेवटाकडून वाचा

सूचनांसाठी साधारण तीन आठवडे मिळतात. याचिका शेकडो पानांची असते. पहिल्या पानापासून वाचायला घेतलीत तर मुदत संपेपर्यंत तुम्ही प्रस्तावनेतच अडकलेले असाल. म्हणून आधी शेवटी असलेल्या कंपनीच्या मागण्या वाचा. कंपनीला काय पाहिजे ते तिथे उघड लिहिलेलं असतं. त्यानंतर भांडवली खर्चाचं प्रकरण, मग वितरण गळतीचा तक्ता, मग प्रस्तावित दरपत्रक. याचिकेसोबत आकड्यांचे तक्ते एक्सेलमध्येही दिलेले असतात. ते उतरवून ठेवा, मजकुरात झाकलेलं बरंच काही तिथे सापडतं.

वाचताना तीन गोष्टी वहीत उतरवा: प्रकरण क्रमांक, पान क्रमांक आणि तो आकडा कोणत्या वर्षाचा आहे. प्रत्यक्ष झालेला खर्च आणि पुढच्या वर्षाचा अंदाज एकाच तक्त्यात शेजारीशेजारी असतात. त्यांची गल्लत केलेली सूचना कंपनीचा वकील एका वाक्यात उडवतो.

सावधान: संकेतस्थळावर जुन्या याचिकाही पडून असतात. नोटिशीतला प्रकरण क्रमांक आणि हातातल्या याचिकेवरचा क्रमांक जुळतो का, हे सगळ्यात आधी बघा.

## टप्पा ३: गावची आकडेवारी हाताशी ठेवा

क्रमाला अपवाद एवढाच: हे काम नोटीस येण्याची वाट न बघता सुरू करा, पावसाळ्यात तर नक्कीच. 'आमच्याकडे लाइट सारखी जाते' या वाक्याला सुनावणीत काडीची किंमत नसते. दोन फीडरची तीन महिन्यांची नोंद मात्र वजनदार ठरते.

वहीत रकाने पाच: तारीख, लाइट गेली ती वेळ, आली ती वेळ, फीडरचं नाव, डीपीचा क्रमांक. डीपीचा क्रमांक बिलावर डीटीसीच्या रकान्यात असतो, खांबावर रंगवलेलाही सापडतो. फीडरचं नाव उपकेंद्रातल्या ऑपरेटरला किंवा तुमच्या भागातल्या जनमित्राला (लाइनमनला) विचारा, तो सांगतो. संपूर्ण गाव अंधारात होतं की एकाच डीपीवरची घरं, याची खूण करा. एकच फेज गेला असेल तर तसं लिहा. शेतीपंपांच्या फीडरसाठी वेगळी वही ठेवा. तिथे वेळापत्रकानुसार बंद असलेली वीज आणि बिघाडाने गेलेली वीज एकत्र केलीत तर सगळी नोंद कुचकामी होते.

आता ही नोंद आयोगाच्या भाषेत आणायची. पुरवठा किती वेळा आणि किती वेळ खंडित झाला याचे तीन निर्देशांक आहेत, सैफी, सैडी आणि कैडी. गणित चौथीच्या पोरालाही जमेल. समजा, तुमच्या फीडरवर १,००० ग्राहक आहेत. महिन्यात एकदा सगळ्यांची वीज १२० मिनिटं गेली, आणि एकदा ४०० ग्राहकांची ३० मिनिटं.

सैडी, म्हणजे दर ग्राहकामागे वीज गेलेला वेळ = (१,००० × १२० + ४०० × ३०) ÷ १,००० = १३२ मिनिटं.
सैफी, म्हणजे दर ग्राहकामागे वीज किती वेळा गेली = (१,००० + ४००) ÷ १,००० = १.४ वेळा.
कैडी, म्हणजे एका खंडितपणाचा सरासरी वेळ = १३२ ÷ १.४ = सुमारे ९४ मिनिटं.

तिसरा आकडा महत्त्वाचा. कैडी मोठा असेल तर बिघाड दुरुस्त करण्यात किंवा मुळात शोधण्यातच वेळ जातोय. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे ११ केव्हीच्या लाइनी डोंगर-जंगलातून जातात. मुसळधार पावसात फांदी कुठे पडली हे शोधायला जनमित्राला पायी लाइन तुडवावी लागते. बिघाडाची दिशा दाखवणारा छोटा इंडिकेटर खांबावर असला तरी शोधाचा पट्टा निम्म्यावर येऊ शकतो. उलट सैफी मोठा आणि कैडी लहान असेल तर झाडाच्या फांद्या, जुने इन्सुलेटर, ढिले जंपर यांच्याकडे बघा. तिथे आधी चांगली देखभाल लागते. स्मार्ट यंत्रणा मागून उपयोग नाही.

तपासणी: शेजारच्या दोघांकडे त्याच दिवसाच्या वेळा जुळतात का? न जुळणाऱ्या नोंदी काढून टाका. एक चुकीची तारीख सापडली तर बाकीच्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

## टप्पा ४: आयोगाच्या अधिकारात आहे तेच मागा

सूचना तरते की बुडते ते इथे ठरतं. खालच्यातले दोन मुद्दे निवडा. सगळे घेऊ नका.

भांडवली खर्च. दराच्या पद्धतीतच एक गोम आहे. कंपनीने नवं रोहित्र, नवी लाइन, नवं उपकेंद्र उभारलं की त्यातल्या भागभांडवलावर तिला परतावा मिळतो. पण दुपारी भार हलवून तेच रोहित्र टाळलं तर हाती काही लागत नाही. म्हणून लोखंड विकत घेण्याकडे कल राहतो. आयोगाकडे मागणी अशी करा: प्रत्येक मोठ्या योजनेच्या अहवालात 'नवं बांधकाम न करता भागतं का' याचा हिशेब असावा आणि टाळलेल्या खर्चातला काही वाटा कंपनीला बक्षीस म्हणून ठेवता यावा. ग्राहक कार्यकर्त्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण कंपनीला काहीच मिळणार नसेल तर ती शहाणपण का दाखवेल?

स्मार्ट मीटरचा खर्च वेगळ्या वाटेने येतो. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत सर्वसाधारण राज्यांना प्रीपेड स्मार्ट मीटरच्या किमतीच्या १५ टक्के, जास्तीत जास्त ९०० रुपये अनुदान आहे. उरलेला पैसा पुरवठादार आधी घालतो आणि कंपनी तो दरमहा फेडते. तो दरात चालू खर्च म्हणून येतो. इथे विचारायचं ते हे: रीडिंग घेण्याचा, वीज तोडण्या-जोडण्याचा, चुकीची बिलं दुरुस्त करण्याचा जो खर्च वाचला, तो कोणत्या तक्त्यात वजा केलाय? नसेल तर तो वजा करेपर्यंत पूर्ण रक्कम दरात धरू नये. अनुदानातून आलेल्या मालमत्तेवर घसारा आणि परतावा लावलेला नाही ना, तेही तपासा.

गळती. शेतीपंपांचा बराच वापर मीटरविना, अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो. अंदाज फुगला की वितरण गळती कागदावर आपोआप कमी दिसते. तासगाव, पलूस, वाळव्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरोघरी मीटर बदलण्याआधी डीपीवर मीटर बसवा आणि डीपीनिहाय हिशेब जाहीर करा, ही मागणी करा. डीपीत गेलेली वीज आणि तिच्यावरच्या ग्राहकांची बिलं यांतला फरक समोर आला की वीजचोरीचे आकडे तारांवर कुठे टाकले जातात आणि जुन्या तारा कुठे वीज खातात, हे वेगळं काढता येतं. गळती घटवण्याचं लक्ष्यही परिमंडळाचं एकत्र न ठेवता उपविभागनिहाय मागा. एकत्र सरासरीत वाईट उपविभाग लपून जातो.

पुरवठ्याचा दर्जा आणि भरपाई. आयोगाच्या २०२१ च्या विद्युत पुरवठा संहिता व कृतिमानके विनियमांत कोणत्या कामाला किती वेळ आणि चुकलं तर किती भरपाई हे दिलंय. केंद्राचे २०२० चे ग्राहक हक्क नियम सांगतात: दुरून तपासता येणाऱ्या बाबींत भरपाई आपोआप मिळायला हवी. स्मार्ट मीटरला वीज कधी गेली आणि कधी आली ते कळतं. मग भरपाईसाठी ग्राहकाने अर्ज का करायचा? स्मार्ट मीटर बसलेल्या भागात ठरल्या तारखेपासून भरपाई थेट बिलात जमा करा, ही एक मागणी नीट मांडली तरी पुष्कळ.

पुराचा भाग असेल तर मुद्दा निराळा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी चढायला लागलं की सुरक्षेसाठी वीज बंद करावीच लागते आणि फीडर एकच असला की कोरड्या गल्ल्याही अंधारात जातात. पूररेषेच्या कडेने दुरून चालणारे स्विच आणि उंचावर नेलेली रिंग मेन युनिट (वीज दुसऱ्या बाजूने वळवता येणाऱ्या स्विचपेट्या) असली तर पाण्यातला तुकडा तेवढा तोडता येतो. असा पथदर्शी प्रकल्प मागताना किती ग्राहक, कोणते फीडर, यशाचं माप काय, हे लिहा. देशभरातल्या नियामकांच्या मंचाने २०१५ मध्ये स्मार्ट ग्रीडचे नमुना विनियम केलेत. त्यांचा आधार दिला तर मागणी हवेतली वाटत नाही.

वेळेनुसार दर. केंद्राने ग्राहक हक्क नियमांत २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा. आपल्याकडे स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत सुरू झाली आहे. याचा फायदा कोणाला? तासगाव, सांगलीची बेदाण्याची कोल्ड स्टोरेज बघा. दुपारी खोली थोडी जास्त थंड करून ठेवली तर संध्याकाळी कॉम्प्रेसर कमी चालतो. हळदीच्या गिरण्या, ग्रामपंचायतीचा पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, सगळ्यांचा भार सरकतो. सकाळी आठला घर बंद करून कुपवाड एमआयडीसीत जाणाऱ्या जोडप्याचा मात्र सरकत नाही. म्हणून मागणी दुहेरी ठेवा: दुपारची सवलत ठळक असावी आणि लहान घरगुती ग्राहकावर संध्याकाळचा अधिभार लादण्याआधी काही महिने जुन्या आणि नव्या दराचं बिल शेजारीशेजारी छापून द्यावं.

माहिती. नियमांनुसार स्मार्ट मीटरचं रीडिंग दिवसातून किमान एकदा दुरून घ्यायचं असतं आणि ते ग्राहकाला बघता आलं पाहिजे. मागण्यासारखं आणखी एक म्हणजे फीडरनिहाय सैडी-सैफी दरमहा, उतरवून घेता येईल अशा तक्त्यात. घराचा तासातासाचा वापर मात्र संमतीशिवाय तिसऱ्याला देऊ नये, हेही लिहा. घराला कुलूप कधी असतं ते त्यातून कळतं.

सावधान: अनुदान वाढवा, कर्जमाफी द्या, खासगीकरण थांबवा, या मागण्या सरकारकडच्या. आयोगाच्या सूचनेत त्या घातल्या की चांगला मुद्दाही 'धोरणात्मक बाब' म्हणून बाजूला पडतो.

## टप्पा ५: लिहिताना तीन ओळींचा साचा

प्रत्येक मुद्द्याला तीन भाग: याचिकेत कुठे, आमच्याकडे काय दिसतं, आयोगाने काय करावं. नमुना असा:

> संदर्भ: भांडवली खर्चाचं प्रकरण, पान अमुक, फीडर ऑटोमेशन.
> वस्तुस्थिती: सोबतच्या नोंदींनुसार आमच्या दोन फीडरवर जून ते ऑगस्टमधल्या खंडितपणाचा बहुतांश वेळ बिघाड शोधण्यात गेला.
> मागणी: या योजनेचा खर्च दरात धरण्याआधी प्रत्येक फीडरचे योजनेपूर्वीच्या आणि नंतरच्या वर्षाचे सैडी-सैफी जाहीर करण्याचे निर्देश द्यावेत. ठरलेली सुधारणा न दिसल्यास परतावा त्या प्रमाणात रोखावा.

मागणीच्या वाक्यात कोणी, काय, कधीपर्यंत हे तिन्ही आलं पाहिजे. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं लिहिलंत की काही न करणंही योग्य ठरतं. मराठीत लिहिलं तर चालतं का, असं बरेच जण विचारतात. खुशाल मराठीत लिहा. दोन-तीन पानांत आटपा आणि नोंदवहीच्या प्रती शेवटी जोडा.

## टप्पा ६: दाखल करणं

नोटिशीत लिहिलेल्या पद्धतीनेच पाठवा. हल्ली आयोगाच्या संकेतस्थळावर 'ई-पब्लिक कन्सल्टेशन' विभागातून सूचना जाते. पूर्ण नाव, टपालाचा पत्ता, ईमेल, ग्राहकाचा वर्ग (घरगुती, शेती, औद्योगिक), संस्थेतर्फे असेल तर संस्थेचं नाव, हे सगळं भरा. सुनावणीत बोलायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. पोचपावतीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. कंपनीने तुमच्या सूचनेला उत्तर द्यायचं असतं. ते ईमेलवर येतं आणि स्पॅममध्ये जाऊन पडतं. ते शोधून छापून घ्या, सुनावणीत त्याचीच गरज लागते.

## टप्पा ७: सुनावणी

राज्यभरात विभागवार सुनावण्या होतात. आपल्याला जवळची पुण्याची. सांगलीहून एसटीने निघणार असाल तर सकाळची सुनावणी गाठायला पहाटेची गाडी धरा. ऑनलाइन हजर राहण्याची सोय नोटिशीत दिली असेल तर ती घ्या.

बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. लेखी सूचना वाचून दाखवू नका, ती आयोगापुढे आहेच. कंपनीचं उत्तर हातात धरा आणि त्यात काय सुटलं तेवढंच सांगा: 'कंपनी म्हणते योजना प्रगतिपथावर आहे. किती फीडरवर, ते सांगितलेलं नाही.' घोषणा, हार, निवेदनाचे फोटो बाहेर होऊ द्या.

एकट्याने जमेल का, ही शंका असेल तर पुण्याची प्रयास किंवा मुंबई ग्राहक पंचायत यांनी आयोगापुढे मांडलेले मुद्दे जुन्या आदेशांत वाचा. कलम ९४ नुसार आयोग ग्राहकांची बाजू मांडायला प्रतिनिधी नेमू शकतो. या संस्थांच्या मांडणीची शिस्त उचला, मजकूर उचलू नका. आयोगाला तुमच्याकडून हवा असतो तो कवठेमहांकाळचा किंवा वाईचा आकडा, तो पुण्या-मुंबईत कुणाकडे नसतो.

## टप्पा ८: आदेश आल्यावर

पेपरातली दरवाढीची बातमी वाचून थांबू नका. आदेशात सूचना-हरकतींचं स्वतंत्र प्रकरण असतं. त्यात आधी ग्राहकांचं म्हणणं, मग कंपनीचं उत्तर, मग आयोगाचा निष्कर्ष. आपला मुद्दा शोधा आणि निष्कर्षातली क्रियापदं बघा. आयोगाने 'नोंद घेतली' असेल तर हाती काही नाही. 'निर्देश दिले' असतील तर मुदत कोणती ते वहीत लिहा, त्या तारखेला कंपनीकडे अनुपालनाची प्रत मागा. दिली नाही तर माहितीचा अधिकार आहेच.

आदेशच कायद्याला धरून नसेल तर कलम १११ खाली अपील लवादाकडे ४५ दिवसांत जाता येतं, पण तिथे वकील लागतो आणि खर्चही. गावपातळीच्या गटाने त्यात पडण्यापेक्षा नियंत्रण कालावधीच्या, म्हणजे खर्च आणि दर एकदम ठरवलेल्या पाच वर्षांच्या मध्यावर येणाऱ्या आढावा याचिकेची तयारी करावी. सध्याचा कालावधी २०२५-२६ ते २०२९-३० असा आहे. आढाव्यात कंपनीला मंजूर खर्च आणि प्रत्यक्ष खर्च समोरासमोर ठेवावे लागतात. तेव्हा तुमच्याकडे त्याच दोन फीडरच्या मधल्या वर्षांच्या वह्या असायला हव्यात, म्हणून आदेश आला तरी नोंद बंद करू नका. वही एकाच माणसाकडे ठेवू नका, दोघांकडे प्रत असू द्या.